पेन्सिल न लावलेला चेहरा

म्हैसूर, १४ ऑगस्ट १९७८

तुंगावैनी,

सहा वर्षांनी लिहिते आहे. सुरुवात नमस्काराने करावी की रागाने, हेच ठरेना. दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, जे झालं ते सरळ सांगावं. काल दुपारी मी तुला निगेटिव्हवर पाहिलं.

आमचे हे हिमालयातून अकरा रोल घेऊन आले. बर्फाचे कडे, दोरीच्या पुलावरून मेंढ्या नेणारा म्हातारा, ढगात शिरणारा रस्ता. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. शेजारच्या भवानीबाई रोज संध्याकाळी 'मग काय झालं हो मनोहरराव' म्हणून येऊन बसतात, आणि हे दर वेळी तीच दरी आणखी शंभर फूट खोल करून सांगतात. एवढ्या बडबडीत तुझं नाव मात्र एकदाही निघालं नाही.

मी आमच्या स्टुडिओत रिटचिंगच्या डेस्कवर बसले होते. आठवतं ना ते तिरकं डेस्क? खालच्या आरशातून उजेड वर येतो, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलने लोकांचे डाग, सुरकुत्या, देवीचे वण भरून काढायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, दुसरं मी काय केलंय? कालच्या निगेटिव्हवर रस्त्याकडेची टपरी, किटली, डोक्याला लोकरी फडकं बांधलेली बाई, सरळ कॅमेऱ्यात बघणारी. जबड्यावर डाग. माझा हात सवयीने चालू लागला. डाग निम्मा भरून झाला आणि मी थांबले. त्याचा आकार मला पाठ होता. खाली रुंद, वर टोक. इस्त्रीचा पुढचा भाग.

अण्णा माझा भाऊ आणि तुझा नवरा. हे दोघं एकच माणूस आहेत, हे मला कधी नीट जुळवताच आलं नाही. कडकोळच्या कारखान्यात घालायच्या त्याच्या खाकी पँटची घडी चुकली होती, एवढंच निमित्त. त्याने तुझे केस मुठीत धरले आणि इस्त्री टेकवली. कातड्याचा आवाज झाला. तू ओरडली नाहीस, मी ओरडले. आणि आई धावली ती तुझ्याकडे नाही, दार लावायला. "सुम्ने रहा गं, गप्प, शेजारी ऐकतील," म्हणाली मला.

मी निगेटिव्ह घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्ही हिला ओळखलं नाहीत?"

"ओळखलं. तिनंही ओळखलं. दोन दिवस तिच्या हातचा चहा प्यायलो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वचन दिलं होतं. फोटो काढा असं तीच म्हणाली, स्वतःहून. एकच अट घातली. अंबुजाला माझ्या तोंडाला पेन्सिल लावू देऊ नका, म्हणाली."

टर्पेंटाईनचा बोळा मीच फिरवला. पेन्सिल निघून गेली, डाग परत आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला तुझा राग आला. हुणसूरला माहेरी गौरीला जाते म्हणून बसमध्ये चढलीस आणि नागराजच्या लॉरीतून, त्याच्यासोबत, थेट हिमालय गाठलास. बरं केलंस. पण तू गेलीस तशी तुझा वाटा माझ्याकडे आला. 'कुठं गेली सांग' म्हणत अण्णाने माझं तोंड उंबऱ्यावर आपटलं, वरचे दोन दात गेले. मला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं का, हे मी स्वतःला विचारत नाही.

नागराज दोन वर्षांपूर्वी दरडीखाली गेल्याचं ह्यांनी सांगितलं. वाईट वाटलं. तरी तू तिथंच राहिलीस, रस्त्याच्या कामगारांना चहा पाजत, त्या थंडीत. म्हैसूरला हिवाळ्यात शाल घेऊन फिरणारी तू.

सोबत फोटो पाठवते. पत्ता ह्यांच्या वहीतून उतरून घेतला. मी तो कुणाला सांगणार नाही. जबडा नीट बघून घे, मी हात लावलेला नाही.

अंबुजा


म्हैसूर, १३ ऑक्टोबर १९७८

तुंगावैनी,

हे पत्र मिळताच ऊठ आणि तिथून निघ. पुढचं वाटेत वाच. अण्णा तुझ्याकडे यायला निघालाय.

तारही केली आहे. पोस्टातल्या बाबूने तुझ्या गावाचं नाव तीनदा विचारलं आणि जवळचं तारघर कुठलं ते शोधायला जाडं पुस्तक काढलं. मी काउंटरवर हात आपटले तेव्हा लोक बघायला लागले. तार पोचली नाही तर निदान हे पोचावं.

ह्यांची हिमालयाची गोष्ट बंगळूरच्या साप्ताहिकात आली, तुझा फोटो पानभर. तेवढ्यावर थांबलं असतं. पण आयुधपूजा आली. माझ्या माहेरी तलवार पुजतात तसे स्टुडिओत कॅमेरे पुजतात, आणि कॅमेऱ्यांच्या शेजारी त्या वर्षाचं सगळ्यात चांगलं काम मांडतात. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. मी म्हटलं, दरीचा फोटो मांडा. हे म्हणाले, "दरी कुणीही काढेल. असा चेहरा जन्मात एकदा मिळतो." आणि तुझा फोटो दोन हात उंच करून, चौकटीत घालून, झेंडूचा हार घालून मांडला. सगळी पेठ बघायला आली. बायका तर पुढून हलेनात. ही कोण, कुठली, एवढ्या उंचावर एकटी कशी राहते, रात्री भीती नाही का वाटत. कुणी ओळखलं नाही. थंडीने तुझा चेहरा दुसराच झालाय.

अण्णा आला. सहा वर्षांत तो पायरी चढला नव्हता. कुणीतरी त्याला सांगितलं असणार की बहिणीच्या दुकानात एक जळक्या जबड्याची बाई बघ. माणसं बाजूला झाली. तो फोटोसमोर कितीतरी वेळ उभा होता. मग कुंकवाच्या ताटात त्याने अंगठा बुडवला आणि काचेवर, बरोबर तुझ्या त्या डागावर टेकवला.

"ही माझी सही," म्हणाला. आणि प्रसादाचा पेढा घेऊन गेला.

काल दुपारच्या गाडीने तो बंगळूरला निघून गेला, पुढे दिल्ली. आज सकाळी मी आईकडे गेले. देवघराच्या भिंतीवर पणजोबांची तलवार नाही, दोन खिळे तेवढे आहेत. आई म्हणाली पॉलिशला दिलीय. दसरा झाल्यावर पॉलिश? तिचा अंथरूण बांधायचा होल्डॉलही जागेवर नव्हता.

ठिकाण त्याने लेखातून काढलं असेल. लिहिणाऱ्यांना काय, सगळं सांगायची हौस. वैनी, हे सगळं सोड. तू फक्त निघ. मी नवस बोलले आहे, पाय धरते, निघ.

अंबुजा


म्हैसूर, २० डिसेंबर १९७८

तुंगावैनी,

तुझे वकील तुला हे कुल्लूच्या तुरुंगात देतील. तारेवर माझं नाव होतं, म्हणून त्यांनी मला लिहिलं. तू सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवलंय. मी ते इतक्या वेळा वाचलंय की कागद घडीवर फाटला.

तो आला तेव्हा कामगार वरच्या वळणावर होते, टपरीवर तू एकटी. त्याने बाकावर होल्डॉल ठेवला, चहा मागितला, आणि तू ओतत असताना पट्टे सोडले. पहिला वार तू उजव्या हातावर घेतलास. दुसऱ्याला उकळती किटली त्याच्या तोंडावर फेकलीस. तो डोळे मिटून तलवार फिरवत राहिला. ताडपत्री फाटली, बरण्या फुटल्या, तुझं कुत्रं मधे पडलं ते कापलं गेलं. मग तू रस्त्याच्या कामाची पहार उचललीस. वकील लिहितात एक घाव. पोलीस म्हणतात चार. मी असते तर मोजले नसते.

तो माझा भाऊ होता. त्याने मला सायकल शिकवली होती. त्याच्या तेराव्याला मी जेवले, आणि हात धुताना मला हलकं वाटलं. हे आईला दिसलं असावं. तिने वाढणं संपवलं आणि सगळ्यांसमोर उलथनं माझ्या पाठीत घातलं.

आता जे वकिलांनाही नीट ठाऊक नाही ते. अण्णा पडला तेव्हा तलवार कड्यावरून नदीत गेली. ती सापडलेली नाही. सापडलं काय, तर त्याच्या खिशात बन्नीची वाळलेली पानं. दसऱ्याला आपण जी एकमेकांच्या हातात ठेवतो आणि झालंगेलं विसरतो, ती. सरकारी वकिलाने त्यावरच सगळं उभं केलंय. नवरा पानं घेऊन बायकोची क्षमा मागायला एवढा डोंगर चढून गेला, आणि तिला तारेने आधीच कळलेलं, ती पहार घेऊन वाट बघत बसली. तुझ्या हातावरची जखम म्हणे तुझ्याच चाकूची. मी तुला वाचवायला तार केली, ती आता तुझ्यावरचा पुरावा झालीय. तार तुला मिळाली होती, हे मला वकिलांच्या पत्रातूनच कळलं. कामगारांच्या छावणीतल्या कारकुनाने ती वाचून दाखवली आणि तू म्हणालीस, 'मी आता कुठंही जाणार नाही.'

आणि ती पानं. ती पानं तो माझ्यासमोरूनच घेऊन निघाला होता.

मी तुला खोटं लिहिलं. लेखात गावाचं नाव नव्हतंच. ह्यांनी तुला दिलेलं वचन अक्षरशः पाळलं होतं, एक ओढासुद्धा नावाने लिहिला नव्हता. दसऱ्याच्या दुपारी अण्णा आमच्याकडे आला. पांढरा सदरा, दाढी केलेली. माझ्या हातात बन्नी ठेवली. "बन्नी तगोंडु बंगारदंगे इरोण," म्हणाला. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. थोरला भाऊ, वैनी, धाकट्या बहिणीच्या पाया पडला.

"अंबू, मी राक्षस झालो होतो गं," म्हणाला. रडत होता. "तिच्या हातात एकदा ही पानं ठेवतो. माफ कर म्हणतो. आणि परत येतो. ती नको म्हणाली तर नको, तिच्या पायाची शपथ."

आपल्यात दसऱ्याच्या दिवशी बन्नी देणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. कोर्टात भांडणारे भाऊ त्या दिवशी एकमेकांच्या घरी जेवतात. मी स्टुडिओचं पाकीट घेतलं आणि माझ्या त्या पेन्सिलीने तुझ्यापर्यंतची सगळी वाट लिहून दिली. कुठल्या गाडीने, कुठे उतरायचं, खिंडीनंतर कितवं वळण. ह्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून मला ती वाट तोंडपाठ झाली होती. टपरी ओळखू यावी म्हणून शेजारचा खडकही काढून दिला. माझा हात चित्रात चांगला आहे.

त्याची पानं खरी होती का, हे मी रोज विचारते. मग त्या दोन खिळ्यांकडे मन जातं.

पाकीटही त्याच्या खिशात मिळालंय. अक्षर कुणाचं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. ह्यांना मी सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साप्ताहिकाच्या संपादकांचा माणूस आला, तुझा फोटो पुन्हा छापायचा होता, 'खुनी चहावाली' म्हणून. ह्यांनी त्याची गचांडी धरून पायऱ्यांवरून ढकललं. फोटो तरीही छापून आला. ज्या बायका झेंडूच्या हारासमोर हलत नव्हत्या, त्याच आता म्हणतात, नजरेतच दिसत होतं बाई.

अंबुजा


म्हैसूर, २ एप्रिल १९७९

तुंगावैनी,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे.

वकिलांनी विचारलं होतं, अण्णा तुला मारायचा याचा काही लेखी, वैद्यकीय, कसला तरी पुरावा आहे का. डॉक्टरकडे तुला कधी कुणी नेलंच नाही. तुझे आईवडील गेले. आमच्या घरातलं कुणी बोलणार नाही. मी पत्र खाली ठेवलं आणि माळ्यावरच्या काचांच्या पेट्यांकडे बघत बसले.

तुला ठाऊक आहे मी कशाबद्दल लिहिते आहे. चार दसरे. दर आयुधपूजेला माझ्या माहेरचं सगळं कुटुंब स्टुडिओत यायचं, अण्णा तलवार धरून मधे, आणि हे जुन्या काचेच्या प्लेटीवर फोटो काढायचे. सणाच्या आधी अण्णाचा हात हटकून सुटायचा. एका वर्षी तुझा ओठ फाटलेला, एका वर्षी गळ्यावर बोटं. एकाहत्तर साली डावा डोळा सुजून बंद. आणि दर वर्षी आई मला बाजूला घेऊन म्हणायची, "अंबू, तेवढं जरा बघ हां. पाहुण्यांना द्यायचाय फोटो." मी बघायचे. पेन्सिलीने तुझा ओठ शिवायचे, गळा साफ करायचे. बंद डोळा उघडायला मला तीन दुपारी लागल्या. उजव्या डोळ्यावरून मी डावा काढला. हे म्हणाले, म्हैसुरात असा हात कुणाचा नाही. मला फार आनंद झाला होता.

तू तो फोटो बघितलास आणि म्हणालीस, "छान पुसलंस मला, अंबुजा." मला वाटलं, कौतुक करतेस. पुढच्या वर्षी गौरीला तू गेलीस.

वैनी, पेन्सिल वर असते. खाली काच तशीच असते. टर्पेंटाईनच्या एका बोळ्याने सगळं परत येतं. हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे, पण कधी सुचलं नाही. तुझ्या त्या डोंगरातल्या फोटोने सुचवलं.

मी मूर्खासारखं आईला सांगायला गेले. म्हटलं, आई, तू फक्त एवढं सांग की तलवार घरातून गेली. कारण इकडे पोलीस तलवार बघायला आले होते तेव्हा भिंतीवर तलवार होती! नाटकाचं सामान भाड्याने देणाऱ्याकडून आणलेली, पत्र्याची. पोलिसांनी खाली उतरवूनसुद्धा पाहिली नाही. आई म्हणाली, "माझा मुलगा क्षमा मागायला गेला होता. बाकी काही मला ठाऊक नाही." मी काचांचं बोलून गेले. तिने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, विरघळली.

दुसऱ्या दिवशी हे बाहेरच्या ऑर्डरला गेलेले असताना ती पिशवीतून वरवंटा घेऊन आली. सत्तरीची बाई माळ्याच्या शिडीवर कशी चढली देव जाणे. माहेरच्या पेटीवर नाव घातलेलं होतंच. मी आवाज ऐकून धावले तोवर तीन काचांचा चुरा झाला होता. मी पेटी ओढली, तिने वरवंटा सोडला नाही. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं पेटीच्या कडेवर होती. एकदा बसला तेव्हा चुकून बसला असं मी म्हणेन. तिने तीनदा मारला. जमिनीवर काचा, त्यात माझं रक्त, आणि ती म्हणत होती, "बेडा, अंबू, बेडा, नको गं. पोरगा गेला, आता त्याचं नाव तरी राहू दे गं." आणि मग तिनेच लुगडं फाडून माझा हात बांधला. रडत रडत, नीट गाठ मारून.

डॉक्टर म्हणतात बोटं वळणार नाहीत. पेन्सिल पुन्हा धरता येणार नाही. मला त्याचं दुःख व्हायला हवं होतं.

पण एकाहत्तरची काच त्या पेटीत नव्हती. ज्या कामाचं कौतुक झालं ते मी रिटचिंगच्या डेस्कच्या खणात ठेवलं होतं, मिरवायला.

अंबुजा


कुल्लू, १७ जून १९७९

तुंगावैनी,

उद्या मी तुझ्यासमोर कोर्टात उभी राहणार. वकील म्हणतात, माझी पत्रं तू ठेवून घेतेस पण फोडत नाहीस. ठीक आहे. हेही ठेव.

अण्णाला लिहून दिलेल्या वाटेनेच आले. तीच गाडी, तीच बस. ह्यांच्या फोटोंत डोंगर इतके शांत होते, मला वाटायचं इथे कुणी कुणाला मारत नसेल. इथे तर दगड सारखे खाली येतात, नदी ओरडत असते, आणि बसमधली माणसं एकमेकांचा हात धरून बसतात. ह्यांच्या गोष्टींत हे कधी नव्हतं.

निघण्याआधी काच धुतली. माझी बोटं चालत नाहीत म्हणून बोळा ह्यांनी धरला, कुठे फिरवायचा ते मी सांगत होते. तुझा डोळा हळूहळू मिटत गेला. ह्यांनीच तो फोटो काढला होता, वैनी, त्या दिवशी कॅमेऱ्यामागून त्यांनीही तो डोळा पाहिला होता. बोळा धुताना ते रडले. मग त्यांनी दोन हात उंचीचा मोठा फोटो केला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, तुझा डोंगरातला फोटो शेजारी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी धोंडा मारून काच फोडली. ह्यांनी काच न बसवता फोटो तिथेच ठेवलेत आणि स्टूल टाकून समोर बसून आहेत. आई एकदा येऊन उभी राहिली, असं त्यांनी कळवलंय. बराच वेळ उभी राहून गेली.

त्या काचेत तुझा डोळा आहेच. शिवाय अण्णाच्या हातात तलवार आहे, मूठ पुढे करून धरलेली. मुठीवरची पट्टी जिथे वाकलीय, शिलेदारीत पणजोबांनी गोळी झेलली म्हणून आई अभिमानाने सगळ्यांना दाखवायची, ती खूण लख्ख दिसते. भिंतीवरच्या पत्र्याला ती नाही. वकील म्हणाले, एवढं पुरेसं होईल, बहुतेक. बहुतेक हा शब्द मला आवडला नाही, पण खोटं बोलणाऱ्या वकिलापेक्षा बरा.

उद्या विचारतील, पाकिटावरचं अक्षर कुणाचं. माझं, म्हणेन. हा डोळा इतकी वर्षं उघडा कसा दिसत होता? मी उघडला, म्हणेन. तलवार कुठली, ती भिंतीवरून कुठे गेली, सगळं सांगेन. आईचं नाव घ्यावं लागेल, तेही घेईन.

एक गोष्ट मात्र कोर्टात कुणी विचारणार नाही, म्हणून तुला लिहून ठेवते. काच पूर्ण धुतली तेव्हा मी माझाही चेहरा पाहिला. फोटोत मी तुझ्या शेजारीच उभी आहे, खांद्याला खांदा लावून, नवी साडी नेसून. त्या चेहऱ्यावर पेन्सिलीची एक रेघही नव्हती. त्यात पुसायचं असं कुणाला काही दिसलंच नव्हतं. तुझा डोळा बंद आहे आणि मी हसते आहे.

अंबुजा